न्यूट्रलमध्ये सोडलेली सायकल

आता माझ्याकडे जी सायकल आहे ती हलकी आहे, महाग आहे आणि दिसायलाही देखणी आहे. पण माझा जीव जडला होता तो पहिल्या माउंटन बाइकवर. पहिली खरी, असं म्हणते, कारण तिच्याआधी एक होती, जाड टायर लावून माउंटन बाइकचं सोंग आणणारी. टेकडीच्या पहिल्याच दगडी उतारावर तिचं पुढचं चाक असं वाकलं की तिला खांद्यावर घेऊन घरी यावं लागलं. गल्लीतल्या सगळ्यांनी विचारलं, "सायकल तुला चालवते का गं?" मी मान ताठ ठेवून निघून गेले. पण मनात ठरवून टाकलं, आता घेईन तर खरी.

खरी आली ती शेवाळी रंगाची. पुढे दणकट सस्पेन्शन, डिस्क ब्रेक आणि हँडल इतकं रुंद की आमच्या दारातून सरळ आत येईना, तिरकी करून घ्यावी लागायची. मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचे. दिवसभर वीतभर अंतरावर बघायचं, काचेची कड फ्रेममध्ये बसते की नाही एवढंच. संध्याकाळी टेकडीवर गेलं की नजर लांब जायची आणि डोक्यातली घरघर थांबायची. मला ती सायकल फार आवडायची. फार म्हणजे फार. आणि ती मला चालवताही उत्तम यायची, खोटा विनय कशाला!

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा बसचे ड्रायव्हर होते, डोंगरातल्या मार्गावरचे, आणि त्याच वर्षी निवृत्त झाले होते. डेपोतले लोक त्यांना कप्तान म्हणायचे. मग गल्ली म्हणायला लागली, आणि राग आला की आईसुद्धा. एवढ्या वर्षांत त्यांच्या बसला साधा ओरखडा नव्हता, आणि ही गोष्ट माहीत नसलेला माणूस आमच्या गल्लीत शोधून सापडला नसता. स्टिअरिंग सुटल्यावर मात्र त्यांच्या हातांना काही काम उरलं नव्हतं. दिवसभर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून ते रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवत.

सायकल आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते, तर बाबा तिच्याभोवती फेरी मारतायत. टायरला लाथ मारून झाली, ब्रेक दाबून झाले.

"हॉर्न कुठंय?"

"नसतो, बाबा."

"आरसा?"

"तोही नसतो."

"स्टँड नाही, मडगार्ड नाही. ही काय अर्धवट गाडी दिली तुला? दुकानदारानं चांगलीच शेंडी लावली."

संध्याकाळी कामावरून आले तर सायकलला घंटी, आरसा, स्टँड, मागे कॅरिअर, सगळं लागलेलं. नव्या नवरीसारखी सजवून ठेवली होती. मी कपाळाला हात लावला, पाना घेतला आणि सगळं काढून टाकलं. सकाळी परत लागलेलं. असं बरेच दिवस चाललं. खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही त्यात मजा येत होती. आई म्हणायची, "तुम्ही दोघं त्या सायकलला एकदा काय ते विचारा तरी."

बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. एका संध्याकाळी मी टेकडीवरून येत होते. आमच्या गल्लीत शिरताना लांबलचक उतार आहे. पाय मारायची गरज नाही, नुसतं बसायचं, सायकल आपसूक खाली येते आणि मागच्या चाकातून टकटकटक असा गोड आवाज येतो. बाबा फाटकापाशी उभे होते. मी समोर येऊन थांबले तर त्यांचा चेहरा पांढराफटक.

"तुझे पाय थांबलेले होते."

"मग? उतार होता."

"तो टकटक आवाज कसला? गिअर सोडलास तू. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडलीस!"

मला हसू आलं. तेवढं पुरलं. बाबांचा आवाज चढला. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या माणसाला त्यांनी डेपोत कधी उभं केलं नव्हतं. इंजिन सुटलं की गाडी आपली राहत नाही, नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवणारे दरीतच जातात, हे त्यांनी कित्येक नव्या ड्रायव्हरांना तळमळून शिकवलं होतं. सायकलला इंजिन नसतं हे मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण त्यांच्या गळी उतरलं नाही.

त्या दिवसानंतरही त्यांनी मला कधी अडवलं नाही. त्यांनी बंदी घातली असती तर बरं झालं असतं. बंदी मला मोडता आली असती, मी कमावती होते आणि तोंडाने काही कमी नव्हते. पण मी टेकडीवर गेले की बाबा फाटकापाशी येऊन उभे राहायचे. चहा नको, बसायला खुर्ची नको. मी परत येईपर्यंत उभे. मी आले की काही न बोलता आत जायचे. यावर काय भांडणार? हळूहळू त्यांची झोपही उडाली. आई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे बघ, तू चांगली चालवतेस हे मला माहितीय. पण हा माणूस वाळत चाललाय. काहीतरी एक ठरव."

दुकानदाराला विचारलं. महिनाअखेरपर्यंत सायकल आहे त्या स्थितीत आणलीस तर परत घेतो, म्हणाला. मी घरी येऊन सांगून टाकलं की परत करते. सांगताना माझा आवाज अगदी नीट होता. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धूत राहिले.

बाहेर आले तर बाबा समजावणीच्या सुरात सांगत होते, "तुझं चुकत नाही गं. पण तुझ्या आईची सायकल बघ. आई कशी प्रत्येक उतारावर पाय मारत, गिअरमध्ये येते."

आई भाजी चिरत होती. तिचा हात थांबला. माझाही टॉवेल हातातच राहिला. कारण उतारावर कोणी पाय मारत नाही. आईची ती जुनी खडखडती सायकल असो की माझी, जो माणूस जन्मात एकदा तरी सायकलवर बसलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्ही कधी सायकल चालवलीच नाहीये."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. पण बाबा रागावले नाहीत. ते खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"घरात सायकल नव्हती," ते म्हणाले. "मग ट्रकवर क्लीनर लागलो. तिथून थेट स्टिअरिंग हातात आलं. मग कप्तान झालो. आता कप्तानाने कुणाला जाऊन सांगायचं, मला सायकल शिकव म्हणून?"

"मला."

"तुझं आपलं काहीतरीच. लोक हसतील."

"लोक नसतील तिथं जाऊ. तुम्ही एकदा चालवा. त्यानंतरही परत कर म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही."

आई म्हणाली, "जा हो. लग्न झाल्यावर महिन्याभरात माझ्या लक्षात आलं होतं. मागे बसवून फिरायला न्या म्हटलं की यांना नेमकी बसच आठवायची." मग ती इतकी हसली की बाबांनाही शेवटी हसावं लागलं.

आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. त्याच्या मागे चादरी वाळवायचं मोठं अंगण आहे, थोडंसं उताराचं. रविवारी दोऱ्या मोकळ्या असतात आणि माणूस नसतो. तिथं आम्ही गेलो. मी सायकलची सीट खाली केली, पाय टेकतील इतकी, आणि पायडल काढून ठेवली, म्हणजे नुसतं जमिनीवर पाय ढकलत तोल शिकता येतो. बाबांनी आधी सायकलभोवती फेरी मारली, टायर बघितले, आणि मगच बसले. अंगावर स्वच्छ धुतलेला शर्ट होता, ड्यूटीवर जाताना घालायचे तसा.

चांगला विद्यार्थी म्हणता येणार नाही त्यांना. वळण आलं की आधी उलट्या बाजूला जाऊन, मागे भलीमोठी बस जोडलेली असल्यासारखे ऐसपैस वळायचे. डावा पाय क्लच शोधायचा. एकदा कपड्यांच्या रिकाम्या टोपल्यांत जाऊन पडले. मी धावले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं, स्वतः उठले, टोपल्या नीट रचून ठेवल्या आणि पुन्हा बसले. मी त्यांना सूचना करत होते आणि ते चक्क ऐकत होते. त्या सकाळी मला ते फार आवडले.

पुढच्या रविवारी मी पायडल परत लावली. बाबा अंगणाच्या वरच्या टोकापासून निघाले, दोन-चार वेळा पाय मारले आणि मग उतार लागला. पाय थांबले. टकटकटक सुरू झालं. मला त्यांची मान ताठ झालेली लांबूनही दिसली. मग त्यांनी ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली.

"गिअर कुठला होता?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"कुठलाही असू दे."

"आणि तरी थांबली?"

"तुम्हीच थांबवलीत की."

बाबा आपल्या बोटांकडे बघत राहिले. "दोन बोटांनी," ते स्वतःशीच म्हणाले. मग सायकल ढकलत वर नेली आणि पुन्हा आले. पुन्हा नेली, पुन्हा आले. आई डबा उघडून बसली होती, तो बंद करून म्हणाली, "आता हे काही जेवत नाहीत."

मला वाटलं, जिंकले. पण त्या संध्याकाळी मी टेकडीवरून परत आले तर बाबा होते तिथेच, फाटकापाशी उभे. माझं अवसान गळालं. दुसऱ्या दिवशी महिना संपत होता.

"सकाळी टेकडीवर मला घेऊन चल," ते म्हणाले. "तो उतार मला बघायचाय. मग काय ते ठरवू."

पहाटे आम्ही निघालो. मी सायकल हातात धरून, ते बाजूने चालत. वर पोचल्यावर बाबा उताराच्या तोंडाशी उभे राहिले आणि एकेक दगड नजरेखालून घालत गेले. "ते डावीकडचं वळण. तिथं सुटी खडी आहे. तिथं पुढचा ब्रेक धरू नकोस, आधीच वेग कमी करून घे." अगदी बरोबर सांगितलं. मीही तिथं तसंच करायचे.

मी निघाले. कधी नव्हे इतकी सुरेख चालवली त्या दिवशी मी. सीटवरून उठून, कोपर सैल, नजर लांब. दगड खालून येत होते आणि सस्पेन्शन ते गिळत होतं. खडीच्या वळणाआधी वेग कमी केला, बाहेर पडताना ब्रेक सोडून दिला, आणि शेवटच्या सरळ टप्प्यावर पाय थांबवून नुसती आले. खाली थांबले, वळून बघितलं. बाबा वर तसेच उभे होते, लहानसे. मी सायकल ढकलत वर चढले. धाप लागली होती, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

जवळ गेले तर बाबांचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं अजून आकड्यासारखी वाकलेली.

"भीती वाटली," ते म्हणाले. "मला वाटलं होतं शिकलो की जाईल. अजिबात गेली नाही."

दुकान उघडायला अजून वेळ होता. मी मनात सायकल पुसून द्यायलाही लागले होते.

"मी वर्षानुवर्षं डोंगरात बस नेली," बाबा म्हणाले. "तुझी आई रात्र रात्र फाटकापाशी उभी असायची. मी आलो की काही न बोलता पान वाढायची. मला वाटायचं, हिला सवय झाली. तिने मला एकदाही म्हटलं नाही, ही नोकरी सोडा. तेव्हा ती काय करत होती ते मला आज कळतंय."

त्यांनी सायकलच्या हँडलवर हात ठेवला, थोपटला.

"परत करायची नाही," ते म्हणाले. "जा, आणखी एकदा उतरून दाखव. मघाशी खडीपाशी मी डोळे मिटून घेतले होते."