वास गेला का बघा

नायगावहून निघालेली एसटी सकाळी लातूरला पोचली आणि हणमंतराव स्टँडवरूनच ऑफिसला गेले. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षंच झाली होती. नव्या कलेक्टर कचेरीत माणसं थोडी आणि दुष्काळाची कामं उदंड. आई वारल्यावर मिळालेली रजा कधीच संपली होती.

त्यांची बायको महानंदा एकटीच घराशी आली. कुलूप काढून तिनं दार ढकललं. शेजारच्या ओट्यावर पार्वतीआक्का ज्वारी निवडत होत्या. त्या उठून दोन पावलं आल्या आणि पदर नाकाला लावून तिथंच थांबल्या.

"आगं बाई, काय मेलंय की आत?"

"का? वास येतोय?"

"तुला येईना?"

महानंदानं श्वास ओढून बघितला. काहीच कळलं नाही. तिनं मेन स्विच वर केला. कोपऱ्यातला फ्रीज एकदा थरथरला, घरघरू लागला, आणि मग तिला उमगलं.

सासूबाई, गुणाबाई, थोरल्या लेकाकडं नायगावला चार दिवसांसाठी गेल्या होत्या. रविवारी परत यायच्या होत्या. त्यांना मटण लई आवडायचं म्हणून महानंदानं शनिवारी संध्याकाळीच आणून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. रविवारी उजाडताच घरमालकांच्या फोनवर निरोप आला, लगेच निघा. हणमंतरावांनी गावाला जाताना नेहमी करायचे तसा मेन बंद केला. फ्रीजचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

नायगावात बायका गळ्यात पडून रडल्या. थोरली जाऊ सरजाबाई तर दोनदा बेशुद्ध पडली. महानंदाला रडू आलं नाही. तिनं आल्यागेल्याला चहा केला, सतरंज्या घातल्या, गुंडाळल्या. बौद्ध रीतीनं दिवस घातले त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पंगतीला वाढताना एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "शिकलेली सून हाय, तिला कशाचं रडू?" महानंदानं ते ऐकलं आणि म्हातारीच्या पानात भात वाढला. चौदा वर्षं सासूसोबत एका घरात काढली होती. भांडण असं नव्हतं, लाडही नव्हता. आता आत काय आहे ते तिचं तिलाच लागत नव्हतं. पाय बधिर झाला की तो आपलाच आहे हे हात लावून बघावं लागतं, तसं.

तिनं फ्रीजचं दार उघडलं. बर्फ वितळून पाणी खाली उतरलं होतं, त्यात काळसर रक्त मिसळलं होतं. दुधाच्या पातेल्यावर हिरवी साय. भाजीच्या खणात वांग्यांचा नुसता चिखल. जाळ्यांवर बुरशी चढलेली. दारात उभ्या असलेल्या आक्कांनी तोंड फिरवलं. आक्का लिंगायत, निलंग्याकडच्या. महानंदाचा फ्रीज आला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी दही, दूध आणून ठेवलं, आक्कांनी कधी ठेवलं नाही. त्यात काय काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. वाईट कुणीच वाटून घेतलं नव्हतं.

"थांब, एकटीनं नको करू," आक्का म्हणाल्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

महानंदानं प्लग काढला. सगळं एका जुन्या पोत्यात भरलं, वर राख टाकली आणि गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यावर नेऊन टाकलं. दोन कुत्री मागं आली. परतल्यावर तिनं पाण्याचा ड्रम उघडला. तो रिकामा असायला हवा होता. काठोकाठ भरलेला होता.

"टँकर आला तवा तुझा बी नंबर लावला," आक्का म्हणाल्या. "मलप्पानं भरला." मलप्पा त्यांचा लेक.

महानंदानं ड्रमचं झाकण परत ठेवलं. आभार मानावेत हे तिला सुचलंच नाही.

एवढं पाणी असलं तरी पुढचा टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून आधी कोरड्या कागदानं पुसलं, मग राखेनं घासलं. मग तांब्याभर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जाळ्या, कप्पा, खण धुतले. तेच पाणी परातीत धरून पुन्हा वापरलं. दाराच्या रबराच्या घडीत बोटाला फडकं गुंडाळून फिरवलं. शेवटी लिंबाच्या फोडी चोळल्या. हात चालत होते. उन्हं कलली.

मग ती अडली. झालं की नाही हे कळायचं कसं? तिनं डोकं आत घातलं. काहीच नाही. लिंबाचाही वास नाही.

"आक्का," ती दाराशी आली. "वास गेला का तेवढं बघा. मला काही कळंना."

आक्कांनी तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चपला काढून आत आल्या, फ्रीजपुढं वाकल्या आणि नाकावरचा पदर काढला.

"हाय आजून."

महानंदानं पुन्हा सोड्याचं फडकं फिरवलं. आक्का पुन्हा वाकल्या. "हायच. पर आतून न्हाई येत." त्या वास घेत घेत बाजूनं मागं गेल्या. "हिकडून यायलाय. सरकव बरं."

दोघींनी मिळून फ्रीज भिंतीपासून ओढला. मागं खाली एक पसरट ताटली होती, वितळलेलं पाणी जमायची. त्यात सगळं उतरून सडलं होतं. ती तिथं असते हेच महानंदाला माहीत नव्हतं. ताटली ओढताना हिंदकळली आणि थोडं पाणी आक्कांच्या लुगड्यावर, पायावर उडालं.

आक्कांनी लुगडं पायापासून वर धरलं.

"आता अंघोळ करावी लागंल मला," आक्का म्हणाल्या.

"माझ्यातली एक घागर न्या."

"आन् तुमी काय पिताल?" आक्कांनी पाय फडक्यानं पुसला. ड्रमकडं बघितलं, बाहेरच्या उन्हाकडं बघितलं. "ऱ्हाऊ दे. दुष्काळात देव बी अंघोळ करंना गेलाय." मग त्यांनीच ताटली उचलली, मोरीत नेली आणि राख मागितली.

जाताना आक्कांनी आपल्या चुलीतले कोळसे वाटीत आणून दिले. "हे ठिव आत. आठ-पंधरा दिवस लागतील. सकाळी मी बघून सांगत जाईन तुला."

महानंदानं वाटी आत ठेवून प्लग लावला. हणमंतराव आले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांनी तोंड धुतलं, फ्रीजकडं बघितलं.

"मीच मेन बंद केला न्हाई का."

"असू द्या."

त्यांनी दार उघडलं. आतला पिवळा दिवा लागला. स्वच्छ, रिकाम्या जाळ्या, खाली कोळशाची वाटी.

"काहीच न्हाई ठेवलं?"

"काय ठेवू?"

ते तसेच खाली बसले. फ्रीजच्या दाराला धरून, आधी आवाज न करता आणि मग लहान पोरासारखे रडू लागले. नायगावात सगळ्यांना धीर देत फिरलेला माणूस. महानंदा मागं येऊन उभी राहिली. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हातांना सोड्यानं भेगा पडल्या होत्या, त्या आता झोंबायला लागल्या होत्या. थंडावा दारातून बाहेर येऊन तिच्या पायाला लागत होता आणि फ्रीज जोरात घरघरत होता. दार लावा, असं ती म्हणाली नाही.