तासाला एकसष्ट

मी एक जुना टकटक्या आहे. कागदोपत्री माझं नाव 'हातमोजणी यंत्र' असं भारदस्त आहे. पण अंगठ्याने बटण दाबलं की मी टक् करतो आणि माझा आकडा एकाने वाढतो, म्हणून वाहतूक खात्यात सगळे मला टकटक्याच म्हणतात. मुठीत मावेल एवढा पोलादी देह, चार आकड्यांची एक खिडकी आणि आकडा शून्यावर आणायला बाजूला एक कळ. झाला माझा संसार.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतात तेव्हा हळव्या होतात. मी होणार नाही. मला राग आलाय आणि तो गिळून गोड बोलणं मला जमत नाही.

माझी दातेरी चाकं एका कारागिराने भिंगातून बघत बघत बसवली. त्याने मला हजार वेळा दाबलं. खिडकीत बरोबर हजार आला, तेव्हाच त्याने मला डबीत ठेवलं. मला एकेक करत पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. कुणाच्या सोयीसाठी दोन कमी, कुणाच्या मर्जीसाठी चार जास्त, असलं काही मला शिकवलेलंच नाही.

सुरुवातीला माझा थाट होता. एका अरुंद पुलावरून पायी जाणारी माणसं मी आठवडाभर मोजली आणि त्या आकड्यावरून पुलाला पायवाट जोडली गेली. खात्यातल्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याने मला तळहातावर घेतलं आणि म्हणाला, "बघा, हा खरा सल्लागार. खातपीत नाही आणि खोटं बोलत नाही." मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

मग मी काकांच्या हाती पडलो. काका म्हणजे खात्यातले जुने मोजणीदार. त्यांच्यावर दवाखान्यासमोरचा रस्ता मोजायचं काम आलं. हा रस्ता सहा पदरी, गाड्या सुसाट. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला दवाखाना, मध्ये सिग्नल नाही. वस्तीतल्या लोकांनी सिग्नलसाठी अर्ज केला होता. खात्याचा नियम असा की तासाला दोनशे माणसं रस्ता ओलांडत असतील तरच सिग्नल द्यायचा. काका चहाच्या दुकानात बसले, रस्त्याकडे पाठ करून. गप्पा मारता मारता त्यांनी मला मनाला येईल तसं दाबलं. खिडकीत अठ्ठावन्न आला तेव्हा म्हणाले, "पुरे झाले." अर्ज फेटाळला गेला. त्या अठ्ठावन्नातला एकही माणूस खरा नव्हता आणि ते सगळे माझ्या पोटात होते.

काका निवृत्त झाले. वस्तीने पुन्हा अर्ज केला आणि या वेळी मी एका नव्या मोजणीदार बाईच्या गळ्यात दोरीने लटकलो. तिला मी सूनबाई म्हणेन, कारण घरी तिची सासू तिला तशीच हाक मारायची. दोघी त्याच वस्तीत राहायच्या. सासूबाईंना साखरेचा आजार होता आणि उजव्या पायाला जखम झाली होती. दिवसाआड समोरच्या दवाखान्यात जाऊन पट्टी बदलायची, एवढंच करायचं होतं. पट्टीची खोली साडेदहाला बंद व्हायची.

सूनबाई उन्हात उभी राहिली. पाच दिवस, सकाळी आठ ते बारा. रस्त्यावर पाऊल टाकून पलीकडे पोचलेला प्रत्येक माणूस तिने मोजला. एक सोडला नाही, एक वाढवला नाही. सरासरी आली तासाला एकसष्ट.

साहेबांनी कागद पाहिला. हे साहेब म्हणजे सिग्नल द्यायचा की नाही ते ठरवणारे अधिकारी. "बघा, म्हणजे काकांचं बरोबर होतं," ते म्हणाले. "आणि या जागी तीन वर्षांत एकही अपघात नाही. कशाला हवाय सिग्नल?"

मित्रांनो, माझा किती संताप झाला असेल! चहाच्या दुकानात बसून ठोकलेला आकडा अठ्ठावन्न आणि घाम गाळून मोजलेला एकसष्ट. लबाड माणूस खरा ठरला आणि तोही माझ्याच तोंडून.

दुसऱ्या दिवशी सूनबाईची सुट्टी होती. ती पहिल्यांदाच सासूबाईंबरोबर पट्टीला निघाली. मी तिच्या पिशवीत होतो. सासूबाई रस्त्याकडे गेल्याच नाहीत, घराजवळच्या बसथांब्यावर जाऊन बसल्या.

"आई, दवाखाना समोर आहे. बस कशाला?"

"अगं, या पायाने हा रस्ता ओलांडू? वर जायची घाई नाही मला. आम्ही सगळे असेच जातो. इथे बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, उतरायचं नाही. बस वळते आणि येताना दवाखान्याच्या दारात सोडते."

पहिल्या दोन बस गच्च भरलेल्या होत्या. दुखऱ्या पायाने उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून त्या सोडाव्या लागल्या. तिसरीत जागा मिळाली. शेवटच्या थांब्यावर जवळजवळ कुणीच उतरलं नाही. कंडक्टर हसला आणि म्हणाला, "ताई, हे प्रवासी नाहीत हो. हे रस्ता ओलांडतायत!"

बस दवाखान्यासमोर पोचली तेव्हा पावणेअकरा झाले होते. पट्टीच्या खोलीला कुलूप होतं. सासूबाई म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा तरी असं होतंच. चालायचंच." सूनबाईने पिशवीत मला घट्ट मुठीत धरलं.

नंतरचे तीन दिवस तिने खात्याला न विचारता मोजणी केली. ती दवाखान्याच्या बाजूच्या थांब्यावर उभी राहायची. बस आली की कंडक्टर दारातून ओरडायचा, "ताई, सव्वीस!" म्हणजे पलीकडे चढून, फेरी मारून अलीकडे उतरलेले सव्वीस. सूनबाई मला सव्वीस वेळा दाबायची. हे आकडे तासाला एकशे चौऱ्याहत्तर भरले. त्यात चालत ओलांडणारे एकसष्ट मिळवले की दोनशे पस्तीस. नियमापेक्षा पस्तीस जास्त! मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय! साहेब म्हणाले, "बाई, बसमध्ये बसलेला माणूस पादचारी कसा? आणि तक्त्यात याला रकानाच नाही."

पण त्यांनी तो कागद फेकून दिला नाही. फेकला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो बस खात्याकडे धाडला. तिथल्या हुशार माणसांनी निष्कर्ष काढला की नागरिकांना शेवटच्या थांब्यापर्यंत फिरून यायला आवडतं. दोन महिन्यांत त्या थांब्यावर छप्पर आलं, बाकं आली, फुलझाडांचा गोल वाफा आला आणि स्वागताची पाटी लागली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! त्या बाकांवर बसायला एक माणूस उतरत नव्हता.

इकडे सासूबाईंच्या पट्ट्या चुकत राहिल्या. जखम काळी पडली. डॉक्टरांनी पायाची दोन बोटं काढली.

त्या आठवड्यात सूनबाई साहेबांच्या खोलीत शिरली तेव्हा मी तिच्या गळ्यात होतो. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही एकदा तो रस्ता ओलांडून दाखवा. मग मी सिग्नलचं नाव काढणार नाही. उंटावरून शेळ्या किती दिवस हाकणार?"

खोलीतले कारकून फायलींत डोकी खुपसून बसले. साहेब लाल झाले, पण नाही म्हणायची सोय उरली नव्हती. ते गाडीने आले आणि वस्तीच्या बाजूला उतरले. टाय सरळ करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. एक पाऊल खाली टाकलं. ट्रक आला, पाऊल वर. पुन्हा खाली टाकलं, पुन्हा वर. अकरा मिनिटं हाच खेळ चालला. शेवटी त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, "गाडी आण रे. पलीकडूनच बघू, तिकडून जास्त नीट दिसतं."

गाडी चौकापर्यंत गेली, वळली आणि दवाखान्याच्या दारात येऊन थांबली. सूनबाई मागच्या सीटवर बसली होती. साहेबांनी उतरून जमिनीवर पाय ठेवला आणि तिने मला दाबलं. टक्.

"हे काय मोजलंत?"

"तुम्हाला मोजलं. रस्ता न ओलांडता पलीकडे आलेला माणूस. आतापर्यंत तासाला एकशे चौऱ्याहत्तर होते, तुम्ही एकशे पंचाहत्तरावे."

ड्रायव्हरला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. साहेबांनी टाय सैल केला. मग म्हणाले, "पंधरा दिवस तात्पुरता सिग्नल लावून बघू."

पंधरा दिवसांचा तो सिग्नल लागायला चार महिने गेले. वरची सही, त्याच्या वरची सही, मग खांब कुणी आणायचा यावर दोन खात्यांची पत्रापत्री. त्या चार महिन्यांत सासूबाईंचा पाय घोट्याच्या वरपर्यंत गेला. डॉक्टरांनी सूनबाईला स्पष्ट सांगितलं की पट्ट्या वेळेवर झाल्या असत्या तर पाय वाचला असता. हे वाक्य कुठल्याही अहवालात नाही. म्हणून मी तुम्हाला सांगतोय.

सिग्नल लागला, त्या सकाळी साहेब स्वतः हजर होते. सूनबाईने तासभर मोजलं. माझी चाकं गरम झाली. चारशे बारा! काठ्या टेकत आले, तान्ही बाळं घेऊन आले, डोळ्याला पट्टी बांधलेले आले. साहेब बघतच राहिले. "एवढी माणसं आली तरी कुठून?"

"इथेच होती, साहेब," सूनबाई म्हणाली. तासाची मोजणी संपली होती. ती घरी गेली आणि सासूबाईंना चाकांच्या खुर्चीत बसवून घेऊन आली. तिचे दोन्ही हात खुर्चीवर होते, म्हणून मला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं होतं. दिवा हिरवा झाला. गाड्या थांबल्या. खुर्ची सहाही पदर ओलांडून साहेबांसमोर आली.

सासूबाईंनी मला उचललं. "साहेब, आज माझीपण मोजणी करायची आहे. पण पाय एकच उरलाय. अर्धी मोजू की पूर्ण?"

सासूबाईंनी अंगठ्याने मला दाबलं. टक्. चारशे तेरा.

मित्रांनो, मला जपून ठेवा, तेलपाणी करा, असं मी म्हणणार नाही. गंजलो तरी चालेल. उद्या तुमच्यातलं कुणीतरी साहेबांच्या खुर्चीत बसेल आणि त्याच्यापुढे माझ्यासारख्याचा आकडा येईल. तेव्हा नुसता आकडा वाचून सही ठोकू नका. तिथे जा, रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि विचारा, जी माणसं आली नाहीत ती कुठून जातात? विचारायला उशीर केलात, तर उत्तर खुर्चीत बसून तुमच्यासमोर येईल.