परक्या हातचं औषध

हरणाबाईनं नवऱ्या मुलाच्या पायावर तांब्यातलं पाणी घातलं आणि अंगठा धुताधुता त्याचं नख दाबलं. सोडलं, पुन्हा दाबलं. नख पांढरं पडायला हवं होतं; ते पिवळंच राहिलं. भोवतालच्या बायकांना वाटलं, सासू जावयाचे पाय किती मायेनं धुतेय! तिनं मान वर करून मुंडावळ्यांच्या आड बघितलं. अंगाचा पिवळेपणा हळदीवर खपून गेला असता, पण डोळ्यांना कुणी हळद लावत नाही.

कावीळ तिच्याइतकी त्या भागात कुणी पाहिली नव्हती. दर बुधवारी पहाटे ती पाटाच्या कडेचा भुईआवळा उपटून आणी, वाटून उंबऱ्याबाहेर उपाशीपोटी बसलेल्यांना ताकातून देई. तेल-तिखट बंद आणि औषधाचं मोल नाही. सासूकडून आलेली ही विद्या तिनं हौसेनं बनूला, आपल्या एकुलत्या लेकीला, शिकवली होती.

ती उठली ती थेट मांडवामागं आचाऱ्याशी बोलणाऱ्या नवऱ्यापाशी गेली.

"आवं, पोराचं डोळं बघितलं का?"

केरबानं आचाऱ्याला लांब पाठवलं.

"हळू बोल. ठावं हाय मला."

"ठावं हाय?"

"त्येच्या आईनं सांगितलंय सगळं. लढाईवर असताना कावीळ झाली, ती सारखी उलटतीया. पलटणीच्या डागदरानं लिवर खराब म्हणून घरी लावून दिला. पर कृष्णात गुणाचा हाय. सांगलीकडं नदीकाठाला ऊस हाय त्यांचा. हुंड्याचं नावसुदीक काढलं न्हाई त्या माणसांनी."

हुंडा नको म्हणणाऱ्या त्या व्याह्यांचं गावानं किती कौतुक केलं होतं! हरणाबाईला आता त्यातली मेख दिसली. दरवेळी परगावी औषधाला कुठं पळायचं? सूनच आणली की औषध घरात.

"आन् बनूला येतंय की तुझं औषध," केरबा म्हणाला. "करंल ती त्येला बरा."

"घरच्या माणसाला ते लागत न्हाई. तुमच्या आईला कावीळ झाली तवा मी दिलं का? दुसऱ्या गावची म्हातारी आणाय लागली हुती."

केरबाचा चेहरा उतरला. औषध हे बायकांचं काम. त्याच्या नेमाधर्माकडं त्यानं जन्मात लक्ष दिलं नव्हतं. सोयरीक जुळवताना जमीन बघितली, भाऊबंद बघितले, पाहुण्यांची चार गावं पालथी घातली. बायकोला तेवढं विचारायचं राहिलं.

"मग अक्षता पडायच्या आत दे की. अजून परकाच हाय त्यो. उपाशीबी हाय."

"एका वाटीनं उतरतंय व्हय? पी हळद आन् हो गोरी!"

एवढी वर्षं ज्याच्या ताटाखालची जागा पुसली, तो माणूस तिला त्या घडीला किळसवाणा वाटला. ती वळली आणि आतल्या खोलीत गेली. बनूजवळच्या पोरींना तिनं पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर काढलं आणि दार ओढून घेऊन लेकीला सगळं सांगितलं.

"तू न्हाई म्हण," ती म्हणाली. "म्होरलं मी बघते."

"आबाला ठावं हुतं?"

"व्हय."

बनू हातातल्या हिरव्या चुड्याकडं बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

"हळद लागून माघारी फिरल्याली पोरगी कोण पदरात घेतंय, आई?"

बाहेर ताशा वाजायला लागला होता.

"माझ्या हातानं त्यास्नी गुण यायचा न्हाई," बनू म्हणाली. "तुझ्या हातानं यील. लेक म्हंजी परक्याचं धन म्हणतासा न्हवं? मग माझं घर तुला परकंच की. तू देत जा."

"येडी का काय? जावाय परका कसा हुईल?"

"मानलास तर हुईल. माझ्या घरचं पाणी पिऊ नगंस. सणाला मला न्यायला कुणी धाडू नगंस. लोक येत्यात तशी आमीबी येऊ. औषध घेऊ, जाऊ."

"आन् तू कुठं बसणार?"

"उंबऱ्याच्या भायेर. सगळी बसत्यात तिथं."

हरणाबाईनं तिला ओढून छातीशी धरलं, मळवट फिस्कटेपर्यंत धरलं. मामा बोलवायला आला, तेव्हा बनूनंच आईचे हात सोडवले.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. उन्हं कलल्यावर गाडी जुंपली. बनू चुलत्यांच्या गळ्यात पडून रडली, शेजारणींच्या गळ्यात पडून रडली. केरबानं डोक्यावर हात ठेवला तेव्हा ती खाली बघत होती. शेवटी ती आईच्या पायाशी वाकली. बायकांनी पदर डोळ्यांना लावून तयारी ठेवली. आता मायलेकींचा हंबरडा फुटणार.

हरणाबाई सरळ उभी राहिली. हात तिनं पदराखाली गच्च धरून ठेवले होते.

"आगं, जवळ तरी घे पोरीला!" कुणीतरी म्हणालं. "काळीज हाय का दगड?"

हरणाबाईनं लेकीकडं बघितलं, मग गाडीत टेकून बसलेल्या जावयाकडं. दारात येणाऱ्या कुणाशीही बोलावं तशा आवाजात ती म्हणाली,

"बुधवारी पहाटं या. उपाशीपोटी."

"व्हय, बाई," बनू म्हणाली आणि गाडीत चढली.