नमस्कार करणारी गासडी

"उतरली! उतरली!" अशी आरोळी उठली आणि अख्खी गर्दी एकदम गुडघ्यांवर आली.

समोर ट्रॅक्टर उभा. इंजिन बंद. किल्ली बुवाच्या उपरण्याच्या गाठीत, चालकाची जागा रिकामी. ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या दोन लोखंडी हातांवर, सुळ्यांवर रोवलेली वाळल्या गवताची गोल गासडी. चार धट्टेकट्टे गडी ढकलतील तर हलेल, एवढी जड. सकाळी ती गोठ्याच्या छपराइतकी उंच होती. आता ऊन डोक्यावर आलं होतं आणि गासडी माणसाच्या कपाळापर्यंत आली होती. कोणी बोट लावलं नव्हतं.

"वजन म्हणजे काय?" बुवा आपल्या लाकडी खुर्चीतून गरजला. "वजन म्हणजे माया! माया सुटली की वजन सुटतं! सुटलं की उतरतं! उतरलं की भेटतं!"

याचा अर्थ काय, असं मी शेजारच्याला विचारलं. त्याने मला "शू!" केलं. त्यालाही कळला नव्हता.

आता मी कोण, तर कुंपणापलीकडचा म्हातारा. अस्वलाला कोडं घालून मी त्याच्याकडून मध मिळवला, ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगतोय की माझी नातवंडंही आता तिच्यात चुका काढतात. थाप मारणं हा माझा धर्मच आहे. म्हणून दुसऱ्याची थाप मला वासावरून कळते. फरक एवढाच, की माझ्या गोष्टीतलं अस्वल कुणाच्या अंगावर पडत नाही.

ही गासडी पडली होती.

त्या ट्रॅक्टरवाल्या घरात दोन भाऊ. थोरला ट्रॅक्टर चालवतो, धाकटा गवत कापतो, गासड्या बांधतो. रानात झाड नाही, त्यामुळे त्यांची एक जुनी सवय होती. दुपारी एक गासडी उंच उचलायची, इंजिन बंद करायचं आणि तिच्या सावलीत डबा सोडायचा. वडील असल्यापासून असंच चाललं होतं. वडील गेल्या साली वारले, सवय राहिली. त्या दिवशी डबे घेऊन धाकट्याची नवी नवरी आली. "आज इथं पसरते, वारा छान आहे," म्हणाली. जेवणं झाली. थोरला पाणी प्यायला विहिरीवर गेला, ती भांडी घासायला गेली, धाकट्याला सावलीत डुलकी लागली. गासडी आवाज न करता खाली आली आणि त्याच्या नडगीवर बसली. त्याची किंकाळी मी माझ्या ओसरीवर ऐकली.

हाड दोन ठिकाणी मोडलं. आणि दवाखान्यातून परत येईपर्यंत घरात एकच प्रश्न उरला होता. इंजिन बंद, माणूस नाही, मग गासडी उतरवली कोणी?

अशा प्रश्नांचा वास बुवाला लांबून येतो. तो आला, ट्रॅक्टरभोवती फिरला, डोळे मिटले आणि म्हणाला, "तुमचे वडील गासडीत आहेत. नव्या सुनेच्या पावलावर त्यांचा राग आहे. तिने जागा दाखवली, तिथेच आघात झाला." झालं. पोरगी पांढऱ्या पायाची ठरली. रोज सकाळी अंगणात गासडी उचलायची, बुवाने मंत्र म्हणायचे आणि दुपारी वडिलांनी गासडीरूपाने नमस्कार घ्यायचा, असा क्रम सुरू झाला. लोक कपाळ टेकवायला येऊ लागले. एका बाईने तर तापाने फणफणलेलं लेकरू खाली निजवलं. मी धावत जाऊन ते बाजूला उचललं.

पण मला जास्त नवल वाटत होतं थोरल्याचं. तो सगळ्यांत मोठा भक्त झाला होता. ट्रॅक्टर पुसायचा, बुवाचे पाय चेपायचा, गासडी उतरू लागली की सर्वांत मोठ्याने रडायचा. आणि भावाच्या खोलीत पाऊल टाकत नव्हता. जेवण दारातून आत सरकवायचा आणि पळायचा. एवढी भक्ती मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, सायकल चोरणाऱ्या माणसात.

एके दिवशी धाकट्याची बायको कुंपणाशी आली. डोळे सुजलेले, पण नजर ताठ.

"आजोबा, मी यांच्या उशाशी बसते ना, तर खिडकीतून गासडी दिसते. काल बुवा आले नव्हते, मोठ्या दिरांनी सवयीने गासडी वर चढवली. फाटक बंद होतं. तरी ती उतरलीच."

"घरात कोणाला सांगितलंस?"

"सांगून काय? म्हणतील, हिचा पाय तिकडेही पोचतो. उद्या मला माहेरी धाडणार आहेत. बोचकं बांधलंय. मलाही वाटतं हो कधीकधी. जागा मीच दाखवली होती."

"पोरी, जागा दाखवणं हा गुन्हा असेल तर वाटाड्यांनी फासावरच जायला हवं. मला एक सांग, तुझे मामंजी गासडीत आहेत की ट्रॅक्टरमध्ये?"

"बुवा म्हणतात, गासडीत."

"मग ते पक्कं करून घे की."

ती पदर खोचून निघाली. मला एवढंच जमतं. बाकीचं तिचं डोकं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी बोचकं, अंगणात गर्दी, ओसरीवर सासू. धाकट्याची खाट खिडकीशी ओढलेली. पोरगी बुवासमोर उभी राहिली.

"मी जाते. पण मामंजींचा निरोप घेऊन जाते. ते गासडीतच आहेत ना?"

"गासडीतच!"

"ट्रॅक्टरमध्ये नाहीत?"

"लोखंडात आत्मा बसत नाही, मुली! आत्म्याला मऊ लागतं!"

"मग आई," पोरगी सासूकडे वळली, "आज गासडी खाली आदराने बाजूला ठेवू. तिच्याजागी बुवांची खुर्ची बांधू. ती कडक लाकडाची आहे, म्हणजे उतरायची नाही. सगळ्यांची खात्री पटेल आणि मीही मुकाट जाईन."

बुवाचा चेहरा आंबट झाला. "अशा परीक्षा घेऊ नयेत."

"का हो, खुर्ची घाबरते का?" मी मागून विचारलं. लोक हसले. सासू थोरल्याला म्हणाली, "बांध रे."

थोरल्याने दोर तीनदा गुंडाळला, तीनदा सोडला; शेवटी गाठ मलाच मारावी लागली. खुर्ची वर गेली. इंजिन बंद झालं. पोरीने खालची सगळी माणसं लांब हटवली आणि म्हणाली, "आता कोणी मंत्र म्हणू नका." बुवाला गप्प बसणं फार जड गेलं. ऊन चढलं. लोक जांभया देऊ लागले. आणि खुर्ची निघाली. हळूहळू, घरजावयासारखी हक्काने, खाली, खाली.

"आत्मा खुर्चीत आला!" बुवा ओरडला. "आत्मा कुठेही जाऊ शकतो!"

"कुठेही?" पोरगी म्हणाली. "मग माझ्या माहेरीही येतील. मला पाठवून उपयोग काय?"

हशा असा पिकला की फाटकावरचे कावळे उडाले. बुवाने तोंड वळवलं आणि तिच्या पायांकडे बोट केलं. "हे पाऊलच..."

"पुरे!"

थोरला होता. अवजारांच्या पेटीतून त्याने एक पाकीट काढलं होतं. चुरगळलेलं, न फोडलेलं.

"तिच्या पावलाचं नाव काढू नका. ही सील आहे, रबराची कडी. व्हॉल्व्हची. पंप तेल दाबतो, तेल दांडा वर ढकलतं, दांडा हात उचलतो. व्हॉल्व्ह तेलाला परत जाऊ देत नाही, म्हणून हात वर राहतात. आमच्या व्हॉल्व्हची सील झिजलीय. तेल गुपचूप टाकीत परततं. उन्हाने पातळ झालं की आणखी भराभर. म्हणून सकाळी थांबते आणि दुपारी उतरते. त्यात काही नाही. तेल आहे."

"तुला ठाऊक होतं?" आईने विचारलं.

"रात्री वर ठेवलेली गासडी मला रोज सकाळी जमिनीवर सापडायची, आई. सील आणून ठेवली. बसवायला काम थांबवावं लागलं असतं. म्हटलं, गवत आवरू दे, मग बघू. डबा खायला मीही खालीच बसायचो, काही झालं नव्हतं..." त्याने पाकीट आईपुढे धरलं. "बुवा म्हणाले, बाबांनी केलं. मला बरं वाटलं. मी नाही केलं, असं वाटलं. ही जायला निघाली तरी मी गप्प होतो."

खिडकीतून धाकट्याचा आवाज आला. "दादा, आत ये."

थोरला आत गेला. काय बोलणं झालं, ते मला ठाऊक नाही. मी थापाड्या असलो तरी ते रचून सांगणार नाही. बाहेर आला तेव्हा त्याने आधी भावजयीसमोर हात जोडले, मग पाना उचलला आणि सर्वांसमोर सील बदलली. गासडी पुन्हा वर चढवली. दुसऱ्या दुपारी ती होती तिथेच होती. बुवाने घसा फाटेपर्यंत मंत्र म्हटले, मग "आत्म्याला मुक्ती मिळाली" असं जाहीर करून खुर्ची डोक्यावर घेतली आणि चालू पडला. वजन म्हणजे माया, हे त्याला घाट चढताना नीट कळलं असेल.

धाकटा आता लंगडत चालतो. थोरला त्याच्या पुढे कधी चालत नाही. रोज इंजिन बंद करायच्या आधी ट्रॅक्टरचे हात जमिनीला टेकवतो, नवी सील असली तरी. डबा आता ट्रॅक्टरच्या बगलेच्या सावलीत सुटतो. सावली अरुंद आहे, तिघांना खेटून बसावं लागतं.

लोकहो, माझ्या अस्वलावर विश्वास ठेवलात तरी हरकत नाही. पण आपोआप काही हललं, तर हात जोडायच्या आधी त्याच्याखालचा माणूस बाजूला घ्या. मग विचारा, हे कशामुळे झालं? ज्याला उत्तर ठाऊक आहे तो बहुतेक तिथेच उभा असतो, मान खाली घालून. त्याला बोलू द्या.