सुताराचे मशीन आणि चांदीचा पत्रा

मित्रांनो, मी लाकूड घासण्याचे एक जुने मशीन आहे. माझ्या पोटाखाली एक गोल तबकडी आहे. तिला काचपेपर लावून बटण दाबले की ती बारीक बारीक वर्तुळांत थरथरते. एका सुतारकाकांनी मला नवे कोरे आणले. "हा माझा तिसरा हात," असे ते गिऱ्हाइकांना सांगत. मी टेबले घासली, दारे घासली, पाळणे घासले. पुढे लोक तयार सामान घेऊ लागले, काकाही थकले, आणि मी फळीवर पडून राहिले.

मला खाली काढले ते त्यांच्या मुलीने. ती रसायनशास्त्र शिकलेली. तिला डॅगेरोटाइप करायला शिकायचे होते. फार पूर्वी चांदीच्या पत्र्यावर असे फोटो काढत. तेव्हा पत्रा हाताने घासत. तिने माझ्या तबकडीला मखमल लावली. दुकान लवकरच रिकामे व्हायचे होते आणि बाबा दूरच्या शहरात थोरल्या मुलाकडे राहायला जाणार होते. त्याआधी दुकानात बसलेल्या बाबांचा फोटो तिला हवा होता.

पत्रा एकच होता. आतून तांबे, वर चांदीचा पातळ मुलामा. मी तो आरशासारखा करी. ती त्याला आयोडीनची वाफ देई, कॅमेऱ्यात घाली, मग लाल ॲक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकच्या, तक्त्याखाली प्रखर दिव्यात ठेवी. चित्र हळूहळू वर येई. पण दर वेळी चेहऱ्यावर ओरखडे! ते पुसायलाही मीच. पुसताना थोडी चांदी झिजे. एका कोपऱ्यात तांबे डोकावू लागले. ज्यांचा फोटो निघावा म्हणून मी फिरत होते, त्यांचीच जागा मी खात होते. हे सांगायचे कुणाला?

"आयोडीनच बिघडलंय, बाबा."

"अगं, ओरखडे कुठले? सुरकुत्या आहेत त्या माझ्या!"

"सुरकुत्या अशा गोल गोल असतात का?" ती म्हणाली आणि थबकली. मग तिने माझ्याकडे पाहिले.

तिने मला उघडले. पोटात वर्षानुवर्षांचा भुसा होता आणि त्यात काचपेपरचे कण; तेच पत्र्यावर गळत होते. तिने सगळे झटकून काढले. बाबांनी चिमूटभर भुसा हुंगला.

"टाका ना तो!"

"असू दे," म्हणत त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

या खेपेला मी घासल्यावर तिने पत्र्यावर तोंडाची वाफ सोडली, तर ती सगळीकडून सारखी विरली; म्हणजे पत्रा गुळगुळीत झाला होता. बाबा दुकानाच्या दारात, उन्हात बसले.

"हात कुठं ठेवू गं?"

"मशीनवर ठेवा. आणि काही मिनिटं अजिबात हलू नका."

फोटोत एकही ओरखडा नव्हता.

"तुमचा चेहरा जरासा हलला, बाबा. मशीन मात्र स्पष्ट आलंय!"

"ते कुठं श्वास घेतंय!" बाबा हसले.

मित्रांनो, आयुष्यभर मी भुसाच तर श्वासात घेतला होता.

बाबा फोटो घेऊन गेले. मुलीने नवे मशीन आणले. मी तिच्या खोलीत कपाटावर आहे. माझ्या वायरचे रबर तडकू लागले आहे. एवढेच मागणे आहे: काम संपले की आपले अवजार आतूनही साफ करत जा, आणि अधूनमधून हातात घ्या. फोटोत काकांचा हात अजून माझ्यावर आहे. इथे नुसती धूळ बसते.