पसंतीचं घोरणं

आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलीचा बाप मुलाच्या घरी दोनदा जेवतो. एकदा घर पाहायला, दुसऱ्यांदा लग्नाची तारीख काढायला. घर पाहायला जातो असं म्हणतात, पण खरं तर घरचेच त्याला पाहत असतात. तोंडाने हो-नाही म्हणायची रीत नाही. त्याने दुसऱ्यांदा भात घेतला तर होकार. पहिल्याच वाढणीला हात आडवा केला तर भांडी घासून होईपर्यंत गावाला कळतं की बोलणी फिसकटली. आणि जेवून तिथेच बाजेवर पडून घोरला, तर मग विचारायचं काही उरतच नाही. ज्या घरी परक्या माणसाला गाढ झोप लागते, ते घर त्याने आपलं मानलं.

माझा पुतण्या विनोद कुरखेड्याकडच्या डोमाजींच्या घरी पहिल्यांदा जेवला तेव्हा मी सोबत होतो. विनोदची मुलगी मयुरी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, डोमाजींचा मुलगा प्रफुल वनरक्षक. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. आम्हा मोठ्यांना फक्त जेवायचं काम होतं. विनोद तेव्हा एकशे अडतीस किलोचा. त्याने तीनदा भात घेतला आणि चौथ्यांदा वाढून झाल्यावर घास हातात असतानाच त्याचा डोळा लागला. घरचे इतके खूश झाले की त्यांनी त्याला उठवलं नाही, हातातला घासही तसाच राहू दिला. कौलं हलतील असं तो घोरत होता. मधेच एकदम गप्प व्हायचा, मग गुदमरल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू व्हायचा. डोमाजी म्हणाले, अशी झोप नशीबवानालाच लागते.

आमच्या गावी, सावलीला परत आल्यावर मी हे सगळं हसत हसत सांगितलं. मयुरी हसली नाही. ती बापाला घेऊन नागपूरला गेली.

तिथे त्याच्या डोक्याला, छातीला तारा लावून रात्रभर तपासलं. झोपेत तासाला बावन्न वेळा त्याचा श्वास बंद पडत होता. आम्ही ज्याला गाढ झोप म्हणत होतो, ती झोपच नव्हती. म्हणून तर तो दिवसा धानाच्या गिरणीत पोत्यांवर पेंगायचा. एकदा स्कूटी चालवता चालवता धानाच्या बांधीत, चिखलात गेला होता, आणि आम्ही दोष बैलाला दिला होता. बैल फक्त रस्त्यात उभा होता.

डॉक्टरांनी नाकावर लावून झोपायचं हवेचं यंत्र दिलं. यंत्र चांगलं, पण आमच्या गावची वीज तितकी चांगली नाही. वजन उतरवायलाही सांगितलं. विनोदने चार महिने भाकरी मोजून खाल्ली, सहा किलो उतरले, दिवाळीत सात चढले. शेवटी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं काढलं. पोटाची मोठी पिशवी कापून केळ्याएवढी ठेवायची, म्हणजे माणूस थोडक्यात भरतो.

विनोदची बायको रीता एका अटीवर तयार झाली. पोरीचं लग्न होईपर्यंत याची वाच्यता करायची नाही. बापाचं पोट कापलं म्हटल्यावर आजार वंशातला समजून लोक पोरीचं रक्त तपासायला मागतील, असं तिचं म्हणणं. आम्ही डोमाजींना कळवलं की गिरणीचं काम निघालंय, तारखेचं जरा थांबा. ते थांबले. सहा महिन्यांत विनोद पंचेचाळीस किलो उतरला. घोरणं गेलं, दिवसाची पेंग गेली. पुन्हा तारा लावल्या तर बावन्नाचे नऊ झाले होते. वजन वाढू देऊ नका, तपासणीला येत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. बरा झालेला माणूस कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहत होतो. आणि आता या बऱ्या झालेल्या माणसाला तारखेच्या जेवणाला न्यायचं होतं.

त्याला पाहताच डोमाजींचा चेहरा पडला. त्यांची बायको चंदाबाई पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "आमच्या घरी पोरगी द्याची म्हून एवढे वाळले का भाऊ?"

सगळे हसले, पण बाई हसली नाही.

मटण होतं, भात होता, लाखोळीच्या डाळीचे वडे होते. विनोदने हळूहळू चावत अर्धी वाटी भात आणि दोन तुकडे संपवले. एवढ्याला त्याला अर्धा तास लागला. भाताचं भांडं घेऊन चंदाबाई समोर उभी राहिली तसा सवयीने त्याचा हात आडवा झाला. आतल्या बायका दारात येऊन पाहू लागल्या. डोमाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, काही चुकलं असन त सांगा."

मी प्रवासावर ढकललं. खड्ड्यांनी पोट हलतं म्हणालो. विनोदने माझ्याकडे पाहिलं, हात काढला आणि चमचाभर भात घेतला. त्यातल्या तिसऱ्या घासाला त्याच्या कपाळावर घाम आला. तो उठला, हात धुतले, बाजेवर जाऊन पडला. डोळे मिटले आणि घोरू लागला.

वीस वर्षं मी त्याचं घोरणं ऐकलंय. हे ते नव्हतं. ज्याने सगळ्या वस्तीला जागवलं, त्या माणसाने स्वतःचं घोरणं कधी ऐकलेलंच नव्हतं. विहीर आटल्यावर मोटारपंप नुसती हवा ओढतो, तसला काहीतरी आवाज तो काढत होता. पण घरच्यांचं समाधान झालं. आत बायकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. डोमाजी तीन वाढण्या जेवले होते. तेही निश्चिंत होऊन शेजारच्या बाजेवर पडले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. ते मात्र अस्सल होतं.

थोड्या वेळाने अस्सल आवाज थांबला. माझ्या लक्षातही आलं नसतं, पण त्याबरोबर नकली आवाजही थांबला. विनोदने एक डोळा उघडला. डोमाजींची छाती हलत होती, पण नाकातोंडातून हवा जात नव्हती. मी मान हलवून त्याला पडून राहायला सांगितलं. मयुरीचं लग्न त्याच्या त्या झोपेवर टेकलेलं होतं. त्याने जरा वाट पाहिली, जास्त नाही. मग उठून डोमाजींचा खांदा गदगदा हलवला. बोडीच्या पाण्यातून वर यावं तसा त्यांनी मोठा श्वास घेतला.

"काऊन उठवलं?" डोमाजी चिडले.

चंदाबाई सुपारीचं ताट घेऊन दारात उभी होती. "तुमी झोपले नव्हते का भाऊ?"

"नाई बाई. नाटक करून राह्यलो होतो," विनोद म्हणाला. मग त्याने सदरा वर करून पोटावरचे पाच बारीक व्रण दाखवले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. "मलेही असंच होये. याईचा श्वास झोपेत बंद पडते. याईले दाखवा."

मी मनात सोयरीक सोडून दिली होती. आजार आमचा, लपवलाही आम्हीच, आणि वर यजमानाला आजारी ठरवलं. चंदाबाई उंबऱ्यावर बसली. सुपारीचं ताट तिने खाली ठेवलं.

"वीस वर्षं झाले," ती म्हणाली, "माहा हात रात्रभर याईच्या खांद्यावर राह्यते. मले वाटे, सगळ्याच बायकाईचं असंच असते."

डोमाजी म्हणत राहिले की मी बिमार नाही, घरात धान आहे म्हणून अंग आहे. त्यांचं कोणी ऐकलं नाही. रक्ताचाही विषय निघाला नाही. दोन्हीकडे तेच असल्यावर काढणार कोण? चंदाबाईने डॉक्टरांचा नंबर मागून घेतला आणि तारखेचं तिनेच ठरवलं. आधी यांची तपासणी, लागलं तर ऑपरेशन, मग लग्न. नवरदेवाचा बाप मांडवात घोरलेला तिला नको होता. म्हणजे आम्ही फाल्गुनात धरून चाललेलं लग्न पुढच्या वर्षावर गेलं.

घरी येऊन मी मयुरीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मोठबाबा, तुमी दोघाईनं एक दिवस नीट जेवून याचं होतं."

पण डोमाजींच्या तपासणीचा दिवस तिनेच फोन करून घेतला. तारा लावल्या, साठ निघाले. ऑपरेशन ठरलं आहे. ते व्हायच्या आधी आपल्यालाही व्याह्याच्या घरचं एक जेवण पोटभर जेवू द्या, एवढीच त्यांची मागणी आहे. ते रविवारी येणार. रीताने दोन पायली तांदूळ निवडून ठेवलाय, मी बाज कसून घेतली आहे, आणि मयुरीने सुटी काढली आहे. ते झोपले की ती घड्याळ घेऊन उशाशी बसणार आहे.