बाबागाडी न्यायची का

मिस्त्रींनी तिसऱ्यांदा टेप ओढली आणि बाबागाडीची रुंदी मोजली. एकोणसाठ सेंटिमीटर. सकाळीही तेवढीच होती.

“आणि केबिनचं दार छप्पन,” जावई लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाले. “आत जाणारच नाही ती, बाबा.”

“घडी करून जाईल.”

“गेली तर ठेवायची कुठे? आम्ही झोपायचं कुठे?”

मिस्त्रींनी गाडी उताणी केली, खिट्ट्या दाबून पुढची दोन्ही चाकं काढली आणि घडीची जाडी मोजली. पलंगाखाली सरकेल एवढी होत होती. आकडा सांगायला त्यांनी मान वर केली, तर जावई उठून गेले होते आणि त्यांच्या जागी दोन वर्षांची नात उभी होती, एक चाक तोंडात घालायच्या बेतात. घरात तिला भिंगरी म्हणत. झोपेखेरीज ती एका जागी कधी सापडत नसे.

जहाज निघायला सहा दिवस उरले होते. सात दिवसांचा प्रवास, वाटेत चार बंदरं. लेकीनं वर्षभर रजा साठवून तो आखला होता आणि बाबांनाही न्यायचंच, हे तिनं पहिल्या दिवशीच जाहीर केलं होतं. बाकी सगळं ठरलं, पण बाबागाडीचं घोंगडं भिजत पडलं. नेली तर अडचण, नाही नेली तर जहाजाच्या लांबलचक वाटांवरून भिंगरीला कडेवर घेऊन फिरायचं कुणी? लेकीनं आयांच्या एका ग्रुपवर विचारलं. चाळीस जणींनी उत्तरं दिली. ज्यांनी गाडी नेली होती त्या पस्तावल्या होत्या, ज्यांनी नेली नव्हती त्याही पस्तावल्या होत्या. जावयांच्या मते पाठीवर बांधायची झोळी पुरेशी होती. लेक सकाळी एक म्हणे, दुपारी दुसरं.

फक्त मिस्त्रींचं मत बदलत नव्हतं. गाडी न्यायचीच. याचं घरात सगळ्यांना नवल वाटत होतं, कारण कशासाठीही हट्ट धरून बसणारा हा माणूस नव्हे. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा कुठली खोली हवी हेसुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं.

तेहेतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. लिफ्ट बंद पडली की लोक मिस्त्रींना बोलावत, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे मिस्त्रींना जिन्यानं जावं लागे. यंत्राची खोली नेहमी गच्चीवर. चौदा मजले, अवजारांची पिशवी खांद्यावर, आणि वर पोचल्यावर धाप लागलेली कुणाला दिसू द्यायची नाही, हा त्यांचा स्वतःशी केलेला नियम. अडकलेल्या माणसांशी ते दाराच्या फटीतून गप्पा मारत. समोरचा घाबरलेला असताना आपण दमलेलं दिसायचं नाही, असं ते नव्या कामगारांना सांगत.

आणि आता त्यांचा डावा पाय त्यांचं ऐकेनासा झाला होता. पाऊल बधिर व्हायचं, आपण ते कुठे टेकलं हे खाली बघितल्याशिवाय कळायचं नाही. पाठीच्या मणक्यात शीर दबली आहे, काठी घ्या, आधार घेऊन चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या भेटीला ते एकटेच गेले होते आणि घरी येऊन चष्म्याचा नंबर तपासून आलो म्हणाले होते.

त्यानंतर एकदा भिंगरीला बागेत नेताना फुटपाथच्या कडेवर त्यांचं पाऊल मुडपलं. पडायचेच, पण हातात बाबागाडीची दांडी होती. त्यांनी ती घट्ट धरली, गाडी जागची हलली नाही, ते उभे राहिले. भिंगरीला काही कळलंही नाही. त्या दिवसापासून मिस्त्री रोज दोन वेळा नातीला बागेत नेऊ लागले. लेक शेजारणींना कौतुकानं सांगे, की बाबांना नातीवाचून करमत नाही. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

गुरुवारी दुपारी पडल्या पडल्या त्यांचा डोळा लागला. उठून पाहतात तर दारामागची गाडीची जागा मोकळी. लेकीनं एकदाचा निकाल लावला होता. भिंगरी हल्ली गाडीत बसतच नाही, मग नुसतं ओझं कशाला वागवायचं? मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंना नातू झाला होता, त्यांना ती गाडी देऊन टाकली होती. हे सांगताना लेकीचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसत होता. मिस्त्रींनी बरं केलंस म्हटलं. हातपाय धुतले. पेपर उघडला, मिटला. खिडकीशी गेले, परत आले. लेकीनं विचारलं, काय शोधताय? ते म्हणाले, काही नाही, जरा पाय मोकळे करून येतो.

शिंपीणबाईंचं दुकान लांब नव्हतं. पण त्या दिवशी मिस्त्रींनी ते अंतर तुकड्या-तुकड्यांनी कापलं. आधी कुंपणाची भिंत, मग उभ्या मोटारीचं बॉनेट, मग विजेचा खांब. खांबापासून दुकानाच्या पायरीपर्यंत धरायला काहीच नव्हतं. तिथे ते बराच वेळ उभे राहिले, कुणाची वाट बघत असल्यासारखे. मग खाली पावलाकडे नजर ठेवून एकेक पाऊल टाकत गेले.

दुकानात शिलाई मशीन चालू होतं आणि शेजारी बाबागाडीत दीड महिन्याचं बाळ गाढ झोपलं होतं.

शिंपीणबाईंनी त्यांना स्टूल दिलं. गाडी किती छान आहे, लेकीला सांगा, असं दोन-तीनदा म्हणाल्या. मिस्त्री हो-हो करत राहिले. मग मशीनचा पट्टा सैल झालाय म्हणाले आणि तो घट्ट करून दिला. मग तेल मागितलं. तेही घालून झालं. आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घरी इतके दिवस जे जिभेवर आलं नव्हतं, ते त्यांनी या फारशा ओळखीच्या नसलेल्या बाईला सांगितलं.

“मला लागते ती. चालायला.”

बाईंनी सुई दातात धरली होती. ती काढून त्यांनी पिनकुशनला टोचली, बाळाला अलगद उचलून खांद्यावर घेतलं आणि गाडी त्यांच्याकडे वळवली. “मग आधी नाही का बोलायचं,” एवढंच म्हणाल्या. पायरीवरून गाडी उतरवायलाही त्याच आल्या, बाळासकट.

परत येताना मिस्त्री रस्त्याच्या मधोमध चालत आले. पाठ ताठ, चाल एकसारखी. घरासमोर येऊन वर पाहिलं तर लेक बाल्कनीत उभी होती. हातात भिंगरीचं ओलं झबलं होतं आणि ते वाळत घालायचं ती विसरली होती. जाताना भिंतीला धरून चाललेले बाबा तिनं पाहिले होते आणि आता येतानाचेही पाहिले.

ते वर आल्यावर तिनं दार उघडलं. त्यांना पाणी दिलं. ते पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

मिस्त्रींना कशाबद्दल म्हणून विचारता आलं असतं. पण त्यांनी ते टाळलं.

“उन्हाळ्यापासून.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू काठी आणली असतीस.”

लेक खाली बसली. हो, आणली असती, म्हणाली. मग काठीत वाईट काय आहे, हे ती समजावू लागली आणि अर्ध्यातच थांबली. या माणसाचं बोट धरून ती चालायला शिकली होती. ते बोट कधी थरथरलेलं तिला आठवत नव्हतं. ती उठली, आत गेली. बंद दाराआड नवरा-बायकोचं थोडा वेळ बोलणं चाललं. मग जावई बाहेर आले, पुढची चाकं कशी निघतात ते दाखवा म्हणाले, आणि मिस्त्रींच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. काठीचा विषय परत निघाला नाही. शिंपीणबाईंच्या नातवासाठी लेक दुसऱ्याच दिवशी दुसरी गाडी देऊन आली.

जहाजावर भिंगरी गाडीत एकदाही बसली नाही. ती आईबापांच्या पुढे धावायची, आणि मागून मिस्त्री रिकामी गाडी ढकलत यायचे. डेकवर माणसं त्यांच्याकडे पाहून हसत. एक म्हातारी रोज गाडीत डोकावून विचारे, बाळ कुठंय? मिस्त्री पुढे बोट दाखवत. तीन दिवसांत त्यांनी त्या डेकच्या इतक्या फेऱ्या मारल्या, की लेकीलाच म्हणावं लागलं, बाबा, जरा बसा.

तिसऱ्या दिवशी जहाज बंदराला लागलं. उतरायची शिडी अरुंद होती आणि पायऱ्यांची. तोंडाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या गणवेशातल्या माणसानं अदबीनं सांगितलं, की बाबागाड्या इथेच ठेवाव्या लागतील. बाजूला चार-पाच गाड्या ओळीनं लावलेल्या होत्या. लेकीनं शिडीकडे पाहिलं, मग बाबांकडे. म्हणाली, आपण कुणीच नको उतरूया, वरूनच बघू.

“जा तुम्ही,” मिस्त्री म्हणाले. “मी थांबतो गाडीपाशी.”

लेक घुटमळली. भिंगरी तेवढ्यात बापाच्या कडेवरून खाली सरकली होती आणि दोन पायऱ्या उतरलीही होती. तिच्यामागे जाणं भागच होतं.

गणवेशातल्या माणसानं एक खुर्ची आणून मिस्त्रींच्या मागे ठेवली. त्यांनी मान हलवून आभार मानले, पण बसले नाहीत. खाली धक्क्यावर तिघं लहान लहान होत चालली होती. लेक दर थोड्या पावलांनी मागे वळून वर बघत होती, आणि प्रत्येक वेळी मिस्त्री दांडीवरचा एक हात उचलून हलवत होते. तिघं गोदामाच्या कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली. आणखी थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली, न जाणो ती पुन्हा डोकावेल.

मग मागे न बघता त्यांनी हातानं खुर्ची चाचपली आणि बसले.